कुरकुर न करणारी वसाहत

माझ्या मुलीला घर घ्यायचं होतं. सुरुवातीला भरायचे पैसे तिच्या बापाने मागे ठेवलेले होते आणि ते माझ्या नावावर होते. त्यामुळे घर आधी मला पटायला हवं होतं, आणि मला सहसा काही पटत नाही, हे इंग्लंडातल्या आमच्या अर्ध्या हल शहराला ठाऊक आहे. मी उभा जन्म मासळीच्या कारखान्यात काढला. पेटीवर बर्फ जरा जास्तच चकचकीत रचलेला दिसला की आधी खालचा मासा उलटून बघायचा, ही सवय तिथेच लागली. पुढे ती माणसांनाही लागू झाली आणि घरांनाही.

जेनिन, म्हणजे माझी मुलगी, होल्डरनेस रोडच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहते. नवरा कर्टिस सामान पोचवायची व्हॅन चालवतो. त्यांची लेक विलो चार वर्षांची आहे. हिवाळा आला की त्या घराच्या भिंतींवर काळी बुरशी चढते आणि विलोची छाती घरघरायला लागते. कोरड्या घरात न्या तिला, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मीही जेनिनला स्पष्ट सांगितलं, "मला फक्त कोरडं घर दाखव. स्वयंपाकघर सोन्याचं असो की पत्र्याचं, मला काही घेणंदेणं नाही."

ती मला शहराच्या कडेला नवीन वसाहत बघायला घेऊन गेली. दारातच मोठा फलक होता, त्यावर बगळ्याचं चित्र.

"बगळा कशाला?" मी विचारलं.

"शोभेला असेल गं, आई."

"जिथे बगळा तिथे पाणी. बगळा काय बिस्किटं खायला येतो?"

जेनिनने डोळे फिरवले. पण पुराच्या साली माझ्या घरात गुडघाभर पाणी होतं. सोफा तरंगत होता आणि त्यावर शेजाऱ्याचं मांजर बसलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हलमधला माणूस तर डबकं दिसलं तरी दोन पायऱ्या वर चढतो.

विक्रीच्या ऑफिसात टिफनी नावाची मुलगी होती. दात इतके पांढरे, की बोलताना मी दातांकडेच बघत राहिले. तिने नमुन्याचं घर दाखवलं. टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं रचली होती. एवढी लिंबं कुणाच्या घरात असतात? मासळीवर जो जास्त लिंबू पिळतो त्याच्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. वरच्या खोल्यांना दारंच नव्हती, काढून ठेवली होती, खोली मोठी वाटावी म्हणून. मी सरळ पलंगावर आडवी झाले. पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबायला लागले.

"हा पलंग कुणासाठी बनवलाय?" मी विचारलं. "बुटक्यांसाठी?"

"ग्लिनिस, तुम्ही फारच गमतीशीर आहात!" टिफनी म्हणाली.

"मी गंमत करत नाहीये, पोरी."

खिडकीतून एक तळं दिसत होतं. टिफनी म्हणाली, हे तर या घराचं खास आकर्षण. पावसाचं पाणी त्यात जातं, म्हणून बाकी जमीन कोरडी राहते.

"आणि तळं भरलं की?"

"तळं भरत नाही. तसं सगळं गणित केलेलं आहे."

"पुराच्या साली पाणी गणित विचारून आलं नव्हतं."

टिफनी हसली. मी जे काही बोलेन त्यावर ती हसत होती, आणि त्यामुळे मला ती जास्तच खटकली. मी जेनिनला म्हटलं, तू इथेच थांब, मी जरा फिरून येते. विकणाऱ्याला काय विचारायचं? राहणाऱ्याला विचारावं.

वसाहतीतली बरीचशी घरं भरलेली होती. पहिल्या घराची बेल वाजवली. एक तरुण बाई बाहेर आली आणि दार मागे ओढून घेऊन पायरीवर उभी राहिली.

"घर कसं आहे गं?"

"सुंदर!" ती म्हणाली. "खूप सुंदर!"

आता हे बघा. आमच्या गावात कोणी कशाला सुंदर म्हणत नाही. 'वाईट नाही' म्हटलं की झाली स्तुती, त्याच्या वर पायरी नाही. माझं लग्न लागलं त्या दिवशी माझे वडील एवढंच म्हणाले होते, "बरं झालं सगळं." ते ऐकून माझी आई रडली होती. आणि ही बाई चार भिंतींना सुंदर म्हणत होती.

दुसऱ्या घरातला माणूस गाडी धूत होता. तो म्हणाला, झकास. तिसऱ्या घरातली जोडी म्हणाली, आम्ही तर प्रेमातच पडलो या जागेच्या. तिन्ही घरांची दारं बंद होती. कोणी मला आत बोलावलं नाही, चहा विचारला नाही. आमच्याकडे गॅसचं मीटर बघायला आलेल्यालाही चहा मिळतो. मी मुद्दाम कचऱ्याच्या डब्यांचा विषय काढला. हलमध्ये कचऱ्याच्या डब्यांवर कुरकुर न करणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. पण ते म्हणाले, डबे एकदम वेळेवर उचलतात हो!

मी तडक परत आले.

"चल इथून," मी जेनिनला म्हटलं. "इथे कोणीच कुरकुर करत नाही. नक्कीच काहीतरी दडवतायत."

"आई, लोक सुखी असू शकतात की."

"हलमध्ये?"

तिने गल्लीभर नजर फिरवली. मग कोपऱ्याकडे हात करून म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला तरी विचार. गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसलाय बघ. तोंडावरूनच कुरकुऱ्या दिसतोय."

दिसत होता खरा. जाड भुवया, ओठ खाली वळलेले, मांडीवर चिप्सचा पुडा. तो उघडा होता आणि वरून लाल मसाला भरपूर मारलेला होता. नेव्हिल स्टॅदर्स असं नाव त्याने सांगितलं. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त.

"घर घेताय?" तो म्हणाला. "घ्या घ्या. डोकं ठिकाणावर आहे ना?"

मला लगेच बरं वाटलं. मी कुंपणाला टेकले.

"का हो, काय त्रास आहे?"

"काय नाही ते विचारा, बाई! सीगल सकाळी सकाळी डोक्यावर नाचतात. बस येते तेव्हा एकदम दोन येतात, नाहीतर येतच नाही, आणि हे मी सांगतोय, मी चालवायचो! कचरेवाले माझा डबा त्या टोकाला नेऊन ठेवतात, जणू मला व्यायाम लावलाय. शेजारचा पोरगा ड्रम शिकतोय. शिकतोय म्हणजे काय, बडवतोय. आणि वर नदीच्या या बाजूला राहायचं! माझा बाप, आजा, सगळे पलीकडचे. इथे शनिवारी सगळी गल्ली रग्बीच्या दुसऱ्याच टीमचे शर्ट घालून फिरते. मी तर पडदेच लावून घेतो."

"आणि भिंती?"

"पातळ. बाजूचा शिंकला तर मी रुमाल शोधतो."

"आणि पाणी?" मी त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं.

"पाणी?" त्याने पुडा बाजूला ठेवला. "पाणी आहेच कुठे! शॉवर सोडला की चिमणी मुतल्यासारखी धार! बाईसाहेब, मी अर्धा तास नुसता साबण लावून उभा असतो!"

मी पोट धरून हसले. हा माणूस मला पटला. जो शॉवरवरून एवढं आकांडतांडव करतो, तो जमिनीला ओल आली असती तर गप्प बसला असता का? सगळ्या रस्त्यावर ओरडत फिरला असता. मी जेनिनकडे जाऊन म्हटलं, "वाईट नाही. सोमवारी येऊन नक्की करू."

जेनिनने मला मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण पोटच्या पोरीवर कोण शंका घेतं?

रविवारी सकाळी मी दह्याच्या चक्क्याची आणि बेदाण्यांची टार्ट केली. घर बघायला मदत केली त्या माणसाचं तोंड गोड करावं, एवढी रीत आम्ही पाळतो. आदल्या दिवशी संध्याकाळपासून पाऊस लागला होता, सकाळी उघडला. मी बस धरून वसाहतीत गेले. कोणालाही सांगितलं नव्हतं.

नेव्हिलच्या घराचं दार सताड उघडं होतं. आतून एक जाड नळी बाहेर येऊन गटारात सोडलेली होती, आणि तिच्यातून तपकिरी पाणी वाहत होतं. आत कसलं तरी यंत्र घरघरत होतं. कुंपणावर गालिचा वाळत टाकला होता. मी टार्ट हातात धरून तशीच दारात उभी राहिले. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या जमिनीच्या फळ्या उचकटलेल्या होत्या आणि खाली पाणी चमकत होतं.

नेव्हिल स्वयंपाकघरातून आला. मला बघून त्याचा चेहराच पडला.

"अरे देवा," तो म्हणाला. "दार लावायचं राहिलं."

"सगळ्यांकडे आहे का असं?"

"या रांगेत सगळ्यांकडे. पण फक्त खालच्या मजल्यावर, फळ्यांखाली. वरच्या खोल्या कोरड्या ठणठणीत आहेत, खोटं सांगत नाही." त्याने खुर्ची पुढे केली. "बसा. बिल्डर म्हणतो, सगळी घरं विकली गेली की पंप बसवतो. तोवर बोभाटा झाला तर आमच्या घरांना कुत्रं विचारणार नाही. म्हणून लोक गोड बोलतात. मला ते जमत नाही, मी आपला गप्प बसतो."

"काल बरे गप्प बसलात!"

तो खाली बघायला लागला. टार्टकडे बघून तर तो आणखीच ओशाळला.

"ते तुमच्या पोरीने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"माझी लेक आणि तुमची जेनिन, दोघी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात एकत्र कामाला आहेत ना. जेनिनला मी सगळं आधीच दाखवलं होतं. पाणी, फळ्या, वरच्या खोल्या, सगळं. इथेच बसून चहा घेतला तिने. मग म्हणाली, 'माझी आई गोड बोलणाऱ्याला दारात उभं करत नाही. तुम्ही तिच्याशी नेहमीसारखं बोला, फक्त पाण्याचं तेवढं सोडा.' मी म्हटलं होतं तिला, पोरी, हे बरं नाही." आणि मग हळूच, "बाकीचं सगळं खरं बोललो मी. शॉवर खरंच तसाच आहे."

मी टार्ट त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघाले. मला राग आला होता, इतका की बसमध्ये कुणीतरी हवेवर काही बोललं तर मी त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळ्या वसाहतीवर मी शंका घेतली. बगळ्यावर, लिंबांवर, टिफनीच्या दातांवर. आणि जी माझं नाक घेऊन जन्माला आली तिनेच मला हातोहात फसवलं. माझ्याच सवयीचा दोर करून मला बांधलं.

जेनिनच्या घरी पोचले तेव्हा विलो सोफ्यावर पांघरूण घेऊन चित्रं रंगवत होती आणि मधूनमधून खोकत होती. कर्टिसने माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "मी चहा टाकतो." घरात भांडण पेटलं की कर्टिसला किटली आठवते.

"नेव्हिलकडून येतेय मी," मी म्हटलं. "दार उघडं होतं त्याचं."

जेनिन पांढरी पडली. पण नाही म्हणाली नाही.

"या पोरीच्या छातीसाठी घर घेतोय आपण," मी म्हटलं, "आणि तू पाण्यावरचं घर बघून ठेवलंस? आणि मला उल्लू बनवायला त्या म्हाताऱ्याला शिकवून बसवलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! दहादा म्हणाले असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं." ती उठली आणि सोफ्यामागची भिंत दाखवायला लागली. बुरशी कालच पुसलेली दिसत होती, तरी तिची सावली राहिली होती. "ही बघ. दर आठवड्याला पुसते मी. घरमालकाच्या एजन्सीचा माणूस येतो, फोटो काढतो, आणि विचारतो, सगळं ठीक आहे ना? माहितीये मी काय सांगते? सगळं छान आहे. खालची झोई आठवते? तिने ओलीची तक्रार केली. तिला घर सोडायला लावलं. कारणही सांगितलं नाही. आता ती दोन पोरांना घेऊन बहिणीच्या बैठकीत झोपते. मला तो माणूस म्हणतो, तुम्ही आत कपडे वाळवता, तुम्ही किटली फार उकळता, म्हणून ओल येते. म्हणजे आम्ही श्वास घेतो हाच गुन्हा. आणि मी काय म्हणते? हो, सॉरी, खिडकी उघडी ठेवते."

"पण ओल तर तिथेही आहे, जेनिन."

"खाली आहे. विलो वर झोपेल. वरती मी भिंतीला गाल लावून बघितलाय, आई, चारही भिंतींना." तिचा आवाज चिरकला. "आणि खालची ओल आमची असेल. मी बिल्डरच्या दारात जाऊन बोंबलेन. रोज बोंबलेन. मला कोणी घराबाहेर काढणार नाही. मी तुझी मुलगी आहे गं, आणि आठ वर्षं मला साधी कुरकुर करता आलेली नाही. ते कसं असतं तुला कळणार नाही."

मी त्या भिंतीकडे बघितलं. तिचं खरं होतं, मला ते कळत नव्हतं. माझा नवरा, माझा मुकादम, माझा वाणी, चर्चचा पाद्री, मी सगळ्यांना तोंडावर सुनावत म्हातारी झाले. माझ्या पोरीने तोंड शिवून घेतलंय, आणि मला वाटत होतं ती बापासारखी शांत आहे.

कर्टिसने चहा आणून ठेवला. मी अर्धा कप प्याले.

"पैसे देईन," मी म्हटलं. "पण पंप आधी, सही नंतर. आणि हे टिफनीला तू सांगायचं. उद्या मी तोंड उघडणार नाही."

"तुम्ही?" कर्टिस म्हणाला. मी त्याच्याकडे बघितल्यावर तो परत स्वयंपाकघरात गेला.

सोमवारी आम्ही दोघी ऑफिसात जाऊन बसलो. दुसऱ्या टेबलापाशी एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन नकाशा बघत होतं. टिफनीने कागद आमच्यासमोर सरकवले, पेन ठेवलं, दात दाखवले.

"मग? सगळं पसंत ना? काही शंका?"

"नाही, नाही," जेनिन म्हणाली. "सगळं छान आहे."

ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. तिचं तिलाच कळलं आणि तिची मान लाल झाली.  माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या, पण कबूल केलं होतं म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसले. पर्सचा बंद इतका आवळून धरला की बोटं दुखायला लागली.

जेनिनने पेन उचललं. मग म्हणाली, "म्हणजे... सॉरी हं. मागच्या दाराची पायरी जरा उंच आहे."

"फारच बारीक नजर आहे तुमची!" टिफनी हसली. "इथे सही करा, आणि मग इथे."

जेनिन कागदाकडे बघत राहिली. बघता बघता तिने पेनाला टोपण लावलं.

"आणि जमिनीच्या फळ्यांखाली पाणी आहे," ती म्हणाली.

टिफनी हसायची थांबली. नकाशा बघणारं जोडपं वळून आमच्याकडे बघायला लागलं.

"हे आपण आत बसून बोलूया का?" टिफनी कुजबुजली. "जरा हळू..."

"का?" जेनिन म्हणाली. "मी हळू का बोलू? पाणी आहे. सगळ्या रांगेत आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. घर मला हवंय, पण आधी पंप बसवा. लेखी द्या. तुमच्या साहेबांना बोलवा. आत्ता बोलवा, मी थांबते."

बाळाची आई उठून आमच्या टेबलाजवळ आली. बाहेर फुटपाथवरून जाणारा माणूस काचेतून आत डोकावला. जेनिन बोलतच होती, आणि माझ्या पोरीचा आवाज इतका मोठा आहे हे मी विसरूनच गेले होते.